दिवाणी वकिलाची घडण

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नानाविध उद्योग आहेत. त्यांतील लहान कारखानदारांची एक व्यथा मात्र समान असते : माल गेला, बिल गेले, पैसे आले नाहीत. बँकेच्या कर्ज विभागात असताना अशी कितीतरी खाती माझ्या पाहण्यात आली. धंदा उत्तम, हिशेब चोख; पण येणेबाकी अडकल्यामुळे कर्ज थकलेले. अशा प्रसंगी ज्याची खरी गरज भासते, तो दिवाणी वकील. आपल्या व्यापारी घरांत मुलांसाठी सी.ए.चा विचार सहज होतो. या व्यवसायाचाही तितक्याच गांभीर्याने विचार व्हावा.

त्यासाठी बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करावा लागतो. पुढे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. सर्वसाधारण उमेदवाराकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्याने या व्यवसायाचे दार सामान्य घरांनाही खुले झाले आहे.

खरे शिक्षण मात्र सनद मिळाल्यावर सुरू होते. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली वादपत्र लिहिणे, प्रतिवादीची कैफियत बारकाईने वाचणे, मूळ कागद पुराव्यात शाबीत करणे, उलटतपासणी घेणे आणि हुकूमनामा मिळाल्यावर वसुलीसाठी दरखास्त चालवणे, ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. पालघरच्या दिवाणी न्यायालयात घेतलेले हे धडे पुढे उच्च न्यायालयातही उपयोगी पडतात. या काळात मिळकत तुटपुंजी असते. म्हणून घरच्यांचा धीर हेच नवोदिताचे पहिले भांडवल होय.

या घडणीचे बोलके उदाहरण म्हणजे बॅरिस्टर गांधी. १८९१ मध्ये विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उलटतपासणीस उभे राहताच त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा चाळीस हजार पौंडांचा आणि सारा हिशेबाच्या गुंतागुंतीचा. गांधींनी जमाखर्चाचे पुस्तक विकत घेऊन तो विषय आत्मसात केला आणि कागदन्‌कागद तपासला. आपली बाजू भक्कम असूनही त्यांनी उभय पक्षांना लवादासाठी राजी केले. सदतीस हजार पौंड व खर्च असा निवाडा आपल्या अशिलाच्या बाजूने लागल्यावर, प्रतिपक्षाचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यास त्यांनी दादा अब्दुल्लांना तयार केले. वक्तृत्वात अडखळलेला तरुण हिशेबाच्या अभ्यासाने वकील झाला.

आजचा कायदाही हीच दृष्टी मागतो. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो. त्या मुदतीतच देणेदाराने सही करून देणे कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. तीन लाख वा अधिक रकमेच्या व्यावसायिक वादात, तातडीचा दिलासा मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न अनिवार्य आहे. लघुउद्योगाचे देणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे रखडल्यास २००६ च्या कायद्याने चक्रवाढ व्याज लागू होते. यांतील एखादी तारीख हुकली, तर न्याय्य येणेही बुडते.

तारखांची जाण, कागदांची शिस्त आणि तडजोडीची तयारी हे गुण व्यापारी घरातील मुलामुलींच्या अंगी बहुधा लहानपणापासूनच रुजतात. त्यांपैकी कोणी वकिलीची इच्छा बोलून दाखवली, तर पालकांनी पहिल्या काही वर्षांच्या अल्प मिळकतीवरून त्या निर्णयाचे मोल ठरवू नये.