भिंतीत केबल टाकण्याआधी

मेघवाडीतली पोटमाळ्याची खोली असो की लिंक रोडवरचा टू-बीएचके, जोगेश्वरीत घरात इंटरनेटची केबल फिरवायची म्हटलं की तेच समज ऐकू येतात.

केबलवरचा आकडा मोठा तर नेट वेगवान, हा त्यातला पहिला. म्हणून कॅट-७, कॅट-८ मागितली जाते. पण १९९९ साली आलेलं गिगाबिटचं मानक साध्या कॅट-५ईवर १०० मीटरपर्यंत चालतं; कॅट-६वर तर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जातं. आपल्या घरांत एवढी लांबी येतेच कुठे? दोनशे एमबीपीएसचा प्लॅन महागड्या केबलने वाढत नाही.

पैसे घालायचेच तर धातूवर घाला. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. त्याचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, वाकवली की तार तुटते, आणि तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज दिली तर तापतेही. लॅमिंग्टन रोडवर घ्या की स्टेशनबाहेर, तार चाकूने खरवडून बघा. आत चांदीचा रंग दिसला तर परत करा.

‘लाइटच्या पाइपात जागा आहे, त्यातूनच ओढा’ हा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. लोकांना भीती वाटते सिग्नल बिघडण्याची. तो बिघडू नये म्हणूनच तर आतल्या तारांच्या जोड्यांना पीळ दिलेला असतो. खरा धोका २३० व्होल्टचा आहे: जुन्या वायरचं आवरण फाटलं, तर ती वीज केबलमधून राउटरपर्यंत पोचते. पाइप वेगळाच हवा. लाइटच्या वायरीला ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडा.

भिंत फोडावीच लागते असंही नाही. टीव्ही किंवा टेलिफोनचा जुना रिकामा पाइप सापडला तर स्प्रिंग घालून केबल ओढता येते. नाहीतर प्लास्टिकची पट्टी आहेच. झिरी मारलीच तर बीम आणि कॉलमला हात लावू देऊ नका. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरून नेताना उंदरांपासून जपायला पाइप घाला, आणि केबल बाहेरच्या भिंतीवरून जाणार असेल तर ऊन-पाऊस सोसणारी, काळ्या आवरणाची घ्या.

आणखी एक फसवा समज: दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं. क्रम मानकाप्रमाणे नसेल तर पिळाच्या जोड्या फुटतात. अशी केबल दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर पास होते आणि वापरताना रखडते. एखादी जोडी तुटली तर गिगाबिटची जोडणी १०० एमबीपीएसवर घसरू शकते. म्हणून गवंड्याला प्लास्टर करायला सांगण्याआधी केबलच्या एका टोकाला राउटर आणि दुसऱ्याला लॅपटॉप लावा, आणि स्क्रीनवर जोडणीच्या वेगापुढे १००० चा आकडा येतो का ते पाहा.