तमिळमध्ये मामी, हिंदीत गोडबोले काकू

सुट्टीत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून हसायचंय? मग ‘अव्वै षण्मुगी’ लावा. १९९६ च्या दिवाळीत आलेला हा तमिळ सिनेमा आजही पोट धरून हसवतो.

गोष्ट अगदी वेडगळ आहे. पांडियन (कमल हासन) आणि श्रीमंत घरातली जानकी (मीना) वेगळे होतात. लाडक्या लेकीला आठवड्यातून एकदाच भेटायची परवानगी! बाप गप्प बसतो होय? तो साडी नेसून, विग लावून ‘मामी’ बनतो आणि सासऱ्याच्याच घरी मुलीला सांभाळायला लागतो. मग घरमालक मामीवर भाळतो आणि खुद्द सासरेबुवाही (जेमिनी गणेशन)! कल्पना १९९३ च्या ‘मिसेस डाउटफायर’ची, पण क्रेझी मोहन यांचे संवाद मात्र अस्सल तमिळ.

पुढच्याच वर्षी कमल हासनने हा सिनेमा हिंदीत केला, ‘चाची ४२०’. आणि तमिळ मामीची झाली कोण? लक्ष्मी गोडबोले! तमिळमध्ये नऊवारी मडिसार, हिंदीत नऊवारी लुगडं. नेसण्याची पद्धत वेगळी, पण कासोटा दोन्हीकडे. तंजावरच्या मराठी घरांना ही गंमत वेगळी समजावून सांगायला नको. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांचं राज्य इथे आलं, तेव्हापासून मराठी आणि तमिळ इथे शेजारी शेजारी नांदतात. घरात एक भाषा, उंबऱ्याबाहेर दुसरी.

पुरुषाने साडी नेसणंही या भागाला नवं नाही. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावात नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा होतो. त्यात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात, तेही भक्तिभावाने. मराठी रंगभूमीवर बालगंधर्व होतेच. तमिळ रंगभूमीवर टी. के. षण्मुगम यांनी म्हातारी कवयित्री अव्वैयार इतकी गाजवली, की ‘अव्वै’ त्यांच्या नावालाच चिकटलं. कमल हासन लहानपणी त्यांच्याच नाटक मंडळीत होता. सिनेमातल्या मामीचं नाव त्यांच्यावरूनच आलं.

वेश बदलणं सोपं, बोली बदलणं कठीण. मामीचं सोंग टिकतं ते तिच्या बोलण्यामुळे. याच सिनेमात नासरने केलेला बाशा आहे. तो मुसलमान, पण ब्राह्मण स्वयंपाकी म्हणून त्याच घरात कामाला लागतो आणि मुका असल्याचं नाटक करतो, कारण तोंड उघडलं की पितळ उघडं पडेल! आपण खूप हसतो, पण खऱ्या नावाने त्याला त्या स्वयंपाकघरात पाऊलही ठेवता आलं नसतं. जावयाची गत तीच. दार बंद होतं म्हणून दोघांनी सोंग घेतलं.

तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्याच शहाजी राजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक रचलं. त्यात वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या कृष्णावर आपापल्या भाषेत प्रेम करतात. कुणालाही आपली बोली लपवावी लागत नाही.

तर या सुट्टीत मामी आणि काकू दोघींनाही घरी बोलवा. शेजारच्यांनाही हाक मारा. आणि सिनेमा संपल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: बाशाला मुकं का व्हावं लागलं?