‘ला मार्कीज’चा लिलाव व कालनिर्णयाचें मोल

इ. स. २०११ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील हर्शी गांवीं ‘ला मार्कीज’ या नांवाचें एक फ्रेंच वाफेचें चारचाकी वाहन लिलावांत निघालें. अडत धरून त्याची किंमत ४६,२०,००० डॉलर झाली. याच वाहनास २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें ३५,२०,००० डॉलर आले होते. एवढें मोल कशाचें, हा प्रश्न जुन्या पोथ्यांच्या व दप्तरांच्या संग्राहकांसहि उपयोगी वाटल्यावरून त्याची येथें थोडक्यांत चिकित्सा करीत आहों.

प्रथम वस्तूचें वर्णन देतों. पॅरिस येथें १८८४ सालीं कौंट अल्बेर द दियाँ यांच्यासाठीं बूताँ व त्रेपार्दू या कारागिरांनीं हें वाहन बांधिलें. नांव कौंटांच्या मातोश्रींवरून ठेविलें. चार माणसें पाठीस पाठ लावून बसतात. बंबांत कोळसा किंवा लांकूड जाळून सुमारें पाऊण तासांत वाफ धरते, व एकदां भरलेल्या पाण्यावर वीसेक मैलांची मजल होते.

लिलावाच्या प्रसिद्धीपत्रकांत यास ‘जगांतील सर्वांत जुनी चालती मोटार’ म्हटलें होतें. या वाक्यांतील ‘चालती’ हा शब्द वाचकांनीं सोडूं नये. आमेदे बोले यांची ‘लोबेइसांत’ १८७३ सालची आहे. ती १८७५ मध्यें ल मां शहराहून पॅरिसास आपल्याच बळावर गेली, व आज तेथील कला-हुन्नर संग्रहालयांत आहे. तेव्हां ‘सर्वांत जुनी’ हें विशेषण एकटें टिकत नाहीं.

दुसरें प्रमाण ताब्याचें. कौंटांनीं १९०६ सालीं हें वाहन एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यास विकलें. पुढें ८१ वर्षें, म्हणजे १९८७ पर्यंत, तें त्याच कुटुंबांत राहिलें. अशी न तुटलेली साखळी क्वचितच आढळते, व आमच्या मतें वाहनाच्या अस्सलपणाचा मुख्य आधार तीच होय. उलट, पराक्रमाच्या कथा तितक्या भक्कम नाहींत. १८८७ च्या ज्या चढाओढीचा मान या वाहनास देतात, तींत आरंभीं दुसरें वाहनच उभें राहिलें नव्हतें. आणि धांव बुआ द बूलोनपर्यंत कीं व्हर्सायपर्यंत, याविषयीं वृत्तांतांत एकवाक्यता नाहीं.

तिसरा मुद्दा जीर्णोद्धाराचा. पहिल्या महायुद्धांत तांब्यापितळेचे कांहीं भाग निघून गेले, व १९८७ नंतर गाडी दुरुस्त करून पुन्हां चालती केली. पोथीचें गहाळ पान दुसऱ्या हातानें लिहून घातलें म्हणून पोथी बनावट ठरत नाहीं. पण तें पान कोणतें हें सांगितलें पाहिजे. न सांगणें हाच दोष.

लहान गाड्यांच्या बाबतींत तर तारखेवर सर्वच अवलंबून असतें. लंडनहून ब्रायटनास दरवर्षीं निघणाऱ्या जुन्या मोटारींच्या यात्रेंत १ जानेवारी १९०५ पूर्वीं बांधलेल्या गाडीसच प्रवेश मिळतो. एका वर्षाच्या फरकानें गाडी आंत येते किंवा बाहेर राहते, व किंमतहि त्याबरोबर बदलते. म्हणून १९३० सालीं स्थापन झालेला ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब सांगाडा, एंजिन व इतर भाग तपासून गाडीचें साल ठरवितो. येथें एक सावधगिरी हवी. द दियाँ-बूताँ कारखान्यानें आपलीं पेट्रोल एंजिनें इतर पुष्कळ कारखानदारांस विकलीं. यास्तव एंजिनावरचें नांव तेंच गाडीचें नांव, असें धरूं नये. बांधणीवरून पोथीचा काल ठरविण्यासारखीच ती चूक होईल.

सारांश, खरेदीदारानें द्रव्य दिलें तें लोखंडापितळेस नव्हे, तर पुराव्यास. आमच्या संग्राहकांनींहि वस्तु हातीं येतांच ती कोणाकडून, केव्हां व कोणत्या स्थितींत मिळाली हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. आज जें सर्वांस ठाऊक आहे, तें ८१ वर्षांनीं सांगणारा कोणी उरणार नाहीं.