धबधबा गावचा, मग कमाई कोणाची?

धबधबा तुम्हांला नवा नाही. आषाढ लागला, की सह्याद्रीचे कडे वाहू लागतात आणि शहरातल्या मोटारी गावच्या रस्त्याला लागतात. मंडळी भिजतात, कणसे खातात, बाटल्या टाकून निघून जातात. कोणी वाहून गेले, तर दोर घेऊन धावतात ते गावचेच तरुण. या पाण्यातून गावाला चार पैसे मिळावेत आणि पाहुणाही सुखरूप घरी परतावा, या दोन्ही गोष्टी एकदम साधतील का? दूरच्या एका नदीवर त्या साधल्या आहेत. ती हकिकत वाचण्यासारखी आहे.

सत्तावीस धबधब्यांची नदी

कोलंबस १४९२ साली ज्या हिस्पॅनिओला बेटावर पोहोचला, त्याच्या पूर्व भागात डॉमिनिकन रिपब्लिक हा देश आहे. ऊस, कोको, कॉफी, तंबाखू आणि केळी ही तिथली पिके. देशाच्या उत्तरेला प्वेर्तो प्लाता प्रांतात, इंबर्ट या गावाजवळ दामाहाग्वा नदी डोंगरातून उतरते. हा मुलूख साधारण आपल्या नाशिकच्याच अक्षांशावर येतो. नदीवर एकाखाली एक असे २७ धबधबे आहेत. डोंगर चुनखडीचा असल्याने पाण्याने तो झिजवून आणि विरघळवून गुळगुळीत घसरगुंड्या आणि खोल डोह तयार केले आहेत. २००४ सालच्या कायद्याने या जागेला संरक्षित नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

दिवस कसा जातो

येथे एकट्यादुकट्याला पाण्यात सोडत नाहीत. आधी डोक्याला हेल्मेट, अंगात तरंगते जाकीट आणि सोबत वाटाड्या. मगच पुढे पाऊल. अंगावरचे दागिने काढून ठेवावेत, आणि पायांत चपला नकोत, घट्ट बसणारे बूट हवेत. सात, बारा किंवा सगळे सत्तावीस धबधबे, असा आपल्या दमाप्रमाणे पल्ला ठरवायचा. आधी रानातल्या पायवाटेने चढायचे आणि मग नदीतून खाली यायचे. कुठे उडी मारून, कुठे घसरत, कुठे पोहत.

घसरण्याचीही रीत आहे. पाय पुढे, दोन्ही हात छातीवर, पाठ टेकलेली. कोपर बाहेर काढले, की खडकाला घासलेच म्हणून समजा. उडी मारायची ती उभ्यानेच, पाय जुळवून आणि वाटाड्या दाखवील त्याच जागी. डोके खाली करून सूर मारणे अजिबात नाही. ज्याला भीती वाटेल, त्याने बाजूने उतरावे.

पैसा कोणाच्या खिशात?

हे वाटाडे आसपासच्या खेड्यांतलेच. कोणता डोह किती खोल आणि कोणता खडक निसरडा, हे त्यांना पाठ. पण कष्ट त्यांचे आणि मलिदा सहली आणणाऱ्या कंपन्यांचा, अशी पूर्वी स्थिती होती. आपला भाजीपाला आणि मधला दलाल आठवा, म्हणजे लक्षात येईल. २००४ ते २००६ या काळात अमेरिकेच्या पीस कोअर संस्थेचे स्वयंसेवक म्हणून जोसेफ केनेडी (तिसरे) तेथे होते. रॉबर्ट केनेडी यांचे ते नातू. वाटाड्यांची पिळवणूक त्यांनी पाहिली. मग वाटाड्यांनी एकजूट केली, बाहेरून मदत मिळवली, जागा नीट बांधून घेतली, कामाचे शिक्षण घेतले आणि मजुरी वाढवून घेतली. आज तेथे प्रवेशशुल्काचा काही भाग आसपासच्या वस्त्यांच्या कामांसाठी ठेवला जातो.

आपल्याकडे काय घ्यावे?

घसरगुंडी तेवढी उचलू नका! आपला खडक काळा बेसाल्ट. त्याला धारदार कंगोरे आणि वर शेवाळ. पुरात धोंडे वाहून येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा डोह यंदा तसाच असेल असे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ पाणी एकाएकी वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, आवाज बदलला, की क्षणभरही न थांबता काठावर चढावे. हे गावच्या माणसाला कळते, शहरातल्या पाहुण्याला कळत नाही. तुमची खरी विद्या हीच आणि तिचेच मोल मागायचे आहे.

तुमच्या शिवारात धबधबा असेल, तर हा विषय पावसाळ्याआधीच ग्रामसभेत काढा. रान वनखात्याचे असेल, तर परवानगी घ्या. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल, तर तिच्यामार्फत काम करा. पोहता येणारी दहा-बारा मुले-मुली निवडा, त्यांना प्रथमोपचार शिकवा. दोर, जाकिटे आणि शिट्ट्या घ्या. धोक्याची जागा रंगाने दाखवा. पावती फाडा, हिशेब चावडीवर लावा. आणि पाणी वाढलेले दिसले, तर त्या दिवशी पाहुण्यांना फाट्यावरूनच परत पाठवा. त्या दिवसाची कमाई बुडेल, पण कोणाच्या घरचा माणूस बुडणार नाही.