नारिंगी चेंडूचं सोंग

जाणती माणसं साडी दुकानातल्या दिव्याखाली पसंत करत नाहीत, दाराशी उन्हात नेऊन बघतात. आत मोरपंखी वाटलेला पदर बाहेर चक्क निळा निघतो. ही शहाणीव यंत्रमानवाकडे नव्हती, आणि त्यापायी त्याने फुटबॉलच्या मैदानावर बरंच भोगलं.

'रोबोकप' ही यंत्रमानवांची फुटबॉल स्पर्धा १९९७ साली जपानमधल्या नागोयात सुरू झाली. पुढे या स्पर्धेत सोनीचे 'आयबो' यंत्रकुत्रे चार पायांवर खेळू लागले. चेंडू सहज दिसावा म्हणून मुद्दाम भडक नारिंगी ठेवलेला. पण कॅमेऱ्याच्या लेखी नारिंगी म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. उजेड बदलला की तिन्ही हलतात. दिव्याखाली चेंडूचा माथा पिवळट, सावलीतलं पोट तांबडं. त्यात एका बाजूचा गोल पिवळा, आणि एका संघाच्या कुत्र्यांच्या अंगावर लाल खुणा! एकाच चेंडूत गोलही दिसायचा आणि खेळाडूही.

आपलं असं का होत नाही? साध्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्व्हिनचा, पिवळसर. दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या आसपास. तरी वहीचा कागद आपल्याला दोन्हीकडे पांढराच दिसतो. दिव्याचा रंग मेंदू परस्पर वजा करतो, आपल्याला न विचारता! कॅमेऱ्यातही 'व्हाइट बॅलन्स' नावाची अशी वजाबाकी असते. पण तिची एक साधी पद्धत असं गृहीत धरते की समोरच्या दृश्याची सरासरी करडी असणार. समोर सगळं हिरवंगार मैदान आलं, की ती हिरवाच कापायला निघते आणि चित्रावर जांभळट झाक चढते.

म्हणून संघ ही सोय बंद करत. त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली फोटो काढून 'हा नारिंगी, हा हिरवा' असं यंत्राला हाताने शिकवत बसत. खिडकीतून ऊन आत आलं, की सगळी मेहनत पाण्यात.

२०१६ साली रोबोकपच्या 'स्टँडर्ड प्लॅटफॉर्म' गटाने नारिंगी चेंडूच काढून टाकला आणि काळापांढरा आणला. रंगाचा आधार गेला, आता आकार आणि नक्षी ओळखणं भाग पडलं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल, तर व्हाइट बॅलन्स एका जागी पक्का करा आणि एक संत्रं उन्हात, मग देवघरातल्या समईजवळ टिपून बघा.