चेक : बादशहाचा आणि शाहाचा

शर्टाच्या कापडावरील चौकटींना चेक म्हणतात, प्रकृतीच्या तपासणीला चेकअप म्हणतात, अमेरिकेतील उपाहारगृहात जेवणानंतर येणारे बिलही चेकच आणि पेढीवर रोज फाडला जातो तोही चेक. एकाच इंग्रजी शब्दाला इतके परस्परांशी फटकून वागणारे अर्थ कसे चिकटले असावेत? (चेक प्रजासत्ताक या देशाचे नाव या कुळातले नव्हे, देवनागरीत ते सारखे दिसते, इतकेच.)

या सर्व अर्थांचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर सापडते. भारतातील चतुरंग इराणात गेला, अरबांकडे त्याचा शतरंज झाला आणि तेथून तो युरोपात पोहोचला. प्रतिपक्षाच्या राजावर मारा करताना फारसी खेळाडू ‘शाह’ म्हणजे ‘राजा’ असा इशारा देत. हाच शब्द मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंच भाषेतून रूप पालटत इंग्रजीत ‘चेक’ झाला. ‘शाह मात’चे ‘चेकमेट’ झाले. मराठीने मात्र इतका लांबचा वळसा घेतला नाही. ‘शह देणे’, ‘काटशह’, ‘मात करणे’ हे आपले शब्द त्याच फारसी घरातून आले. चेक आणि शह हे असे एका वंशाचे भाऊ आहेत.

शह बसलेल्या राजाला मनातली चाल सोडून आधी जीव वाचवावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे अटकाव, अटकावावरून नियंत्रण आणि नियंत्रणासाठी करावयाची पडताळणी, असा अर्थ विस्तारत गेला. कापडावरील चौकटी तर थेट पटावरूनच आल्या.

पैशाशी या शब्दाची गाठ पडली ती इंग्लंडच्या राजदरबारात. बाराव्या शतकातील खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी महसुलाच्या हिशेबाची पद्धत लिहून ठेवली आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरत आणि त्यावर गणतीच्या चकत्या मांडून सरकारी अधिकाऱ्यांकडून भरणा समजून घेत. मेज पटासारखे दिसे, म्हणून त्या खात्याचे नाव ‘एक्सचेकर’ पडले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतात. त्या खात्यात पावतीसाठी खाचा पाडलेली लाकडी पट्टी उभी चिरून अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे ठेवत. दोन्ही भाग जुळले की हिशेब खरा. या जुन्या पट्ट्या जाळताना १८३४ मध्ये वेस्टमिन्स्टरचे संसद भवनच भस्मसात झाले, हा इतिहासातला एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

पट्टीची जागा पुढे कागदाने घेतली, पण जोडी जुळवून पाहण्याचे तत्त्व टिकले. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे बँकेच्या कागदाचा मागे राहणारा स्थळभाग होता. लबाडी पकडण्याचे ते साधन. नंतर ते नाव फाडून द्यावयाच्या पानालाच मिळाले. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या छायेत त्याचे स्पेलिंग बदलले. अमेरिकेने जुनेच ठेवले.

आपल्या वाचकांना येथे शाहजोग हुंडी आठवल्यावाचून राहणार नाही. पण या हुंडीतला शाह बादशहा नव्हे. संस्कृत ‘साधु’, त्यापासून ‘साहू’ आणि पुढे ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला सचोटीचा व्यापारी. आपल्या समाजातील आडनावाचेही मूळ हेच मानले जाते. शाहजोग हुंडीची रक्कम अशा शाहालाच अदा करावयाची असे. म्हणूनच बँकिंगची पाठ्यपुस्तके तिची तुलना रेखांकित चेकशी करतात. चेकवर जे काम दोन तिरप्या रेघा करतात, ते हुंडीत माणसाची पत करीत असे. १८८१ च्या परक्राम्य लेख कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या.

त्या पतीच्या सवयीतूनच आज एक घातक प्रथा चालू आहे. हातउसन्या रकमेपोटी किंवा मालाच्या उधारीपोटी सही केलेले कोरे चेक ‘विश्वासाने’ दिले जातात. हा विश्वास नव्हे, पडताळणीचा त्याग आहे. स्वेच्छेने सही करून देण्यापोटी दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला असे गृहीत धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तसे देणे नव्हते, हे दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. चेक न वटल्यास कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली, तर हा गुन्हा ठरत नाही. त्यामुळे नोटीस पाहताच ती बाजूला ठेवणे सर्वांत महागात पडते.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ ही सोय सुरू केली. पन्नास हजार रुपये व त्याहून मोठ्या चेकचा तपशील खातेदाराने आधी बँकेला कळवावयाचा आणि चेक आल्यावर बँकेने तो जुळवून पाहावयाचा. पाच लाख व त्यापुढील चेकसाठी बँक हे सक्तीचेही करू शकते.