चिंध्यांची मजुरी

हैदराबादच्या बरकतपुरा, काचीगुडा भागातल्या कित्येक मराठी घरांची मुळे मराठवाड्यात आहेत. त्या घरांत गोधडी नव्हे, वाकळ म्हणतात. नऊवारी विरली की तिची वाकळ व्हायची, काठांची पिशवी व्हायची, आणि बाकीचे बोहारणीकडे देऊन एखादे पातेले यायचे. टाकाऊतून टिकाऊ करणे आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको होते. त्या टाक्यांची मजुरी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. गेल्या तीसेक वर्षांत चिंधीला भाव आला आणि काही ठिकाणी शिवणाऱ्या हातालाही. यातली दुसरी गोष्ट मला मोलाची वाटते.

1993 मध्ये झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी ट्रकची जुनी ताडपत्री, गाडीचे सीटबेल्ट आणि सायकलची ट्यूब यांतून खांद्याला लावायची बॅग शिवली. फॅशनच्या इतिहासात तिचा उल्लेख येतोच. त्याच वर्षी पुण्यात कचरावेचक ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’त संघटित झाले, तो उल्लेख तिथे येत नाही, आणि यायला हवा. वेचणारी बाई कामगार आहे हे मान्य झाल्याशिवाय त्या कचऱ्याच्या पर्सला नैतिक म्हणता येणार नाही.

पुढे पुण्यातच अमिता देशपांडे यांचे ‘रिचरखा’ आणि नंदन भट यांचे ‘इकोकारी’ उभे राहिले. बिस्किट-वेफर्सची पाकिटे, पातळ पिशव्या, जुन्या कॅसेटच्या फिती हा त्यांचा कच्चा माल. अनेक थरांच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला सहसा भाव देत नाही, म्हणून ते नाल्यात जाते. इथे ते धुऊन वाळवतात, हाताने लांब पट्ट्या कापतात, चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर बाण्यात घालतात. त्या कापडाच्या पिशव्या, पाकिटे शिवतात. काम संथ आहे. पण त्या संथपणातच मजुरी आहे. कापणाऱ्या बाईचा दिवस त्यात मोजला जातो.

मुंबईची कहाणी अधिक कडवट आहे. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कडक झाली आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम आटले. पिढ्यांचे कसब हातात, पण माल नाही. चित्रकार सुधीर राजभर यांनी या कारागिरांना सोबत घेऊन टाकाऊ रबराच्या बॅगा करायला घेतल्या आणि ब्रँडला उघडपणे ‘चमार स्टुडिओ’ नाव दिले. जी जात शिवी म्हणून फेकली जायची, ती लेबलावर आली. 2024 मध्ये त्यांच्या खुर्च्या ‘डिझाइन मायामी’त मांडल्या गेल्या. या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत धाडसी वाटते ते हे नाव. जुन्या रबराला नवे रूप अनेकांनी दिले. कारागिराची ओळख न लपवणारे थोडेच.

एक शंका मात्र मनातून जात नाही. पाकिटे ज्या वेगाने छापली जातात, त्या वेगाने कुठलाच हातमाग चालणार नाही. 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली, तरी किराणा दुकानातल्या त्या पाकिटांच्या माळा अजून लटकलेल्याच आहेत. पर्स विणून कंपनीची जबाबदारी फिटत नाही. आणि हैदराबादच्या प्रदर्शनांत आता ‘अपसायकल्ड’ची चिठ्ठी लावलेल्या पिशव्या दिसतात, तेव्हा मी कापड कुठून आले हे विचारतेच, पण त्याआधी शिवणाऱ्या बाईला नगामागे काय मिळाले, ते विचारते. काही विक्रेत्या चटकन आकडा सांगतात. त्यांच्याकडून मी घेते.